निमंत्रकाचे नाव व नाते

विषय : परदेशगमनाच्या परवानगीसाठी केलेल्या अर्जातील रकाना क्रमांक सात कोरा राहिल्याबाबत. संदर्भ : आपल्या कार्यालयाचं गेल्या महिन्यातलं पत्र, त्यानंतरचं स्मरणपत्र, आणि आज प्रत्यक्ष आपण — बरोबर? बसा. त्या खुर्चीत नको, तिचा एक पाय आखूड आहे, तिच्यावर मी नको असलेल्या पाहुण्यांना बसवतो. तुम्ही इकडे बसा. साहेब म्हटलं तर चालेल ना? चौतीस वर्षं कारकुनी केली मी, मला साहेब म्हणाले ते फक्त दुसरे कारकून, आणि तेही त्यांचं काम अडलं की. आता माझं अडलंय, तेव्हा साहेब. नाही नाही, पिशवीतला कागद नंतर काढा. कागद कुठे पळून जात नाहीत. माणसं जातात.

तुम्ही काय विचारणार ते मला ठाऊक आहे. अर्जदाराचं नाव भरलंय, वय भरलंय, व्यवसाय — सेवानिवृत्त. अपत्ये — निरंक. पूर्वी कधी परदेशी गेला होता का — निरंक. आणि मग रकाना सात, 'निमंत्रकाचे नाव व अर्जदाराशी नाते' — तिथे काहीच नाही. तिथे निरंकसुद्धा नाही! रकाना कोरा सोडू नये, लागू नसेल तर निरंक लिहावं, शंका असेल तर वरिष्ठांना विचारावं — हे मी माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी शिकवलं. आणि तो मीच. तुमच्या टेबलावर हसले असतील लोक. मी असतो तर मीही हसलो असतो. पण निरंक लिहायचं म्हणजे मला कोणी बोलावलेलं नाही, असं मी सहीनिशी कबूल करायचं. आणि बोलावलं असेल तर? बोलावलेलं असू शकतं, साहेब. तेवढ्यासाठीच तो रकाना कोरा आहे. जरा ऐकून घ्या, मग काय लिहायचं ते तुम्हीच सांगा.

आमची ही गेली सात महिन्यांपूर्वी. गेली म्हणजे तसं नव्हे — तुमचा चेहरा लगेच पडला — प्रवासाला गेली, धाकट्या बहिणीकडे. मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, घरात मदतीला कोणी नाही, तीन महिन्यांत येते म्हणाली. मी म्हटलं जा. तीन महिने म्हणजे किती, एक तिमाही. तिमाही अहवाल आणि बायको, दोन्ही वेळेवर येतात असा माझा समज होता. पुढे गुडघा बरा झाला. मेहुणी आता जिने चढते, मी पाहिलंय. कुठे पाहिलं? या फोनवर. दर शनिवारी, संध्याकाळी. माझ्याबरोबर आणखी दीड लाख माणसं पाहतात. आमच्या साडूभाऊंचं चॅनल आहे ना.

साडू म्हणजे काय, तुम्हाला आहे का साडू? नाही? मग तुम्ही सुखी आहात. भाऊ असला तर भांडता येतं, शेजारी असला तर दार लावता येतं. साडूचं काय करणार? एकाच घरच्या दोन मुली, एकाच मांडवात तोलले गेलेले दोन जावई, आणि मग जन्मभर सासरचे लोक तराजू हातात घेऊन बसलेले. सुरुवातीला माझं पारडं जड होतं, बरं का. मी सरकारी नोकर, कायम, निवृत्तिवेतनासह. आणि साडूभाऊ? बुटांच्या दुकानात. येईल त्याच्या पायापाशी बसायचे आणि लाकडी फूटपट्टीवर टाच टेकवायला लावायचे. मी त्याबद्दल कधी एक अक्षर बोललो नाही. फक्त सणासमारंभाला सासरी गेलो की बूट काढताना त्यांच्याकडे बघून जरा हसायचो. एवढंच. एवढं चालतं.

माझं काम काय होतं सांगू? प्रसिद्धी खात्यात, कात्रण विभाग. सकाळी बारा वर्तमानपत्रं यायची. निळ्या पेन्सिलीने खुणा करायच्या, कात्रीने कापायचं, कोऱ्या कागदावर चिकटवायचं, वर तारखेचा शिक्का, नोंदवहीत नोंद, आणि दहाच्या आत साहेबांच्या टेबलावर. लोक वर्तमानपत्र वाचतात, मी वर्तमानपत्र कापायचो. त्याने फरक पडतो. वाचणाऱ्याला वाटतं ही जगाची बातमी, कापणाऱ्याला कळतं की ही अकरा सेंटिमीटर आहे, आणि हिच्या पाठीमागे काहीतरी वेगळंच छापलेलं आहे.

तर एकोणतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पाणीपुरवठ्यावर मंत्र्यांचं भाषण. अडीच कॉलम. कापलं, उलटं केलं डिंक लावायला, आणि मागे जाहिरात. परदेशातल्या एका पाइपच्या कारखान्याला नोंदी ठेवणारी माणसं हवीत, कार्यालयीन अनुभव आवश्यक, कुटुंबासह राहायला जागा मिळेल. माझंच वर्णन होतं हो ते. नाव तेवढं घालायचं राहिलं होतं. ब्रश हातात, डिंकाचा थेंब खाली पडायच्या बेतात — आणि मी काय करावं? मी डिंक लावला. जाहिरातीवर. आणि मंत्री वर करून चिकटवले. नियमच तसा होता. खात्याची बाजू वर, दुसरी बाजू खाली. दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघण्यासाठी पगार नव्हता.

घरी येऊन हिला सांगितलं. मजेत सांगितलं. म्हटलं, आज आपली परदेशातली नोकरी मी स्वतःच्या हाताने मंत्र्यांखाली गाडली. मला वाटलं हसेल. ही पातेलं घासत होती, ती थांबली, आणि म्हणाली, "दुसरा पेपर विकत घेता आला असता ना?" बस, एवढंच बोलली. एका वर्तमानपत्राची किंमत ती काय! मी म्हटलं, अगं नियम — ती म्हणाली, हो, नियम, आणि पुन्हा पातेलं घासायला लागली. तो विषय आमच्यात परत निघाला नाही. न निघालेले विषय घरात फार जागा अडवतात, दोन खोल्यांच्या घरात तर विचारू नका.

पण मी तेवढ्यावर थांबलो का? नाही. पुढच्या रविवारी सासरी जेवायला गेलो आणि तीच गोष्ट तिथे रंगवून सांगितली. मंत्री, डिंक, ब्रश, सगळं. सासरे हसले, मेहुणी हसली, साडूभाऊ मात्र हसले नाहीत. पाणी प्यायले आणि विचारलं, कुठल्या तारखेचं वर्तमानपत्र? मी सांगितलं. का सांगणार नाही? मला तारीख, पान, कॉलम सगळं पाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी हा माणूस वाचनालयात जाऊन ती जाहिरात उतरवून आला. कार्यालयीन अनुभव म्हणून काय लिहिलं असेल, देव जाणे. चार महिन्यांत दोघं गेली. निरोप द्यायला आम्ही गेलो होतो. ही बहिणीच्या गळ्यात पडून रडत होती, आणि रडताना तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. तेव्हा मला वाटलं बहिणीसाठी रडतेय.

चहा घेणार? नको? बरं. घड्याळात बघू नका, मी मुद्द्यावरच आहे.

मग पत्रं सुरू झाली. मला नव्हेत, वर्तमानपत्राला! रविवारच्या पुरवणीत, 'दूरदेशाहून' या मथळ्याखाली. पहिलं पत्र बर्फावर. दुसरं, वेळेवर येणाऱ्या गाडीवर. तिसरं, तिथला साहेब कसा स्वतःचा कप स्वतः धुतो यावर. शैली म्हणाल तर — पायाचं माप घेणाऱ्याची. प्रत्येक वाक्य वाचकाच्या पायात बरोबर बसणारं. आणि दैव कसं बघा, त्याच सुमारास खात्याने नवं शीर्षक काढलं : 'स्थलांतर'. खूप लोक नोकऱ्या सोडून चालले होते ना, तर त्यासंबंधीचं छापून येईल ते सगळं कापा. म्हणजे साडूभाऊंनी लिहायचं आणि मी कापायचं. अकरा वर्षं, साहेब! अकरा वर्षं मी त्या माणसाचं कौतुक माझ्या हाताने चौकोनी कापलं, चारी कोपऱ्यांना डिंक लावला आणि वर शिक्का मारला. एकदाही वाकडं कापलं नाही. एकदा फक्त त्यांच्या फोटोवरून कात्री जरा आत गेली, कान गेला. चुकून.

पण मी नुसतं कापत नव्हतो. रविवारी पत्र छापून आलं की मंगळवारी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर चौकशीची रांग वाढायची. बर्फाच्या पत्रानंतर थोडी, कपाच्या पत्रानंतर जिन्यापर्यंत. लोकांना बर्फाचं काही नव्हतं हो, त्यांना कप धुणारा साहेब बघायचा होता. मी टिपण तयार केलं, तारखांसह, साहेबांपुढे ठेवलं. म्हटलं, साहेब, लोक उपासमारीने जात नाहीयेत, पुरवणीने जाताहेत. साहेबांनी टिपण वाचलं आणि विचारलं, ते तुमचे साडू ना? त्यांचा पत्ता मिळेल का, माझा पुतण्या आहे. झालं. टिपण दप्तरी दाखल.

आता पत्रं गेली, चॅनल आलं. साडूभाऊ निवृत्त झाले, फोन उभा करायची काठी आणली, आणि दर शनिवारी सुरू. तेच ते स्वयंपाकघर, तीच खिडकी, खिडकीतून दिसणारी बाग. बाग शेजाऱ्याची आहे, बरं का. मी सलग चौदा भाग पाहून शोधून काढलंय ते, झाडांना पाणी घालणारा म्हातारा प्रत्येक वेळी कुंपणाच्या पलीकडे असतो. कुंडीसुद्धा एकच आहे, ती इकडून तिकडे हलवतात. पण बघणाऱ्याला काय? आमच्या खालचा शिंपी — तुम्ही येताना पाहिलंत ना, कुलूप असलेला गाळा — त्याने साडूभाऊंच्या एका भागात ऐकलं की तिकडे पँट आखूड करून द्यायला लोक दोन-दोन आठवडे थांबतात, शिंपीच मिळत नाहीत. त्याने मशीन विकलं. वीस वर्षांचं मशीन, माझे तेव्हापासूनचे सगळे कपडे त्यावर शिवलेले. आता तिकडे एका गोदामात खोकी उचलतो. मागच्या आठवड्यात फोन करून मला विचारत होता, मशीन घेणाऱ्याचा पत्ता आहे का. मी त्याला जाण्यापूर्वी सांगितलं होतं, अरे बाबा, ते स्वयंपाकघर तीन भिंतींचं आहे, चौथी भिंत कधी दिसत नाही, जिथे फोन उभा असतो ती. चौथी भिंत बघितल्याशिवाय माणसाने घर सोडू नये. तो म्हणाला, तुम्हाला जळजळ होते. मला! मी म्हटलं, मला आम्लपित्त आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही.

हं. आता हिच्यावर येतो. पहिले दोन महिने ही मागे दिसायची. मागून जाताना, पदराला हात पुसताना, एकदा नुसती कोपरापर्यंत. मी ओळखायचो. मग एका शनिवारी साडूभाऊंनी तिला पुढे बोलावलं, म्हणाले, आमच्या ताई नुकत्याच आल्यात, त्या सांगतील येताना पिशवीत काय घ्यावं. आणि ही बोलायला लागली. साहेब, ही बोलायला लागली हो! आमच्याकडे हिचं बोलणं म्हणजे — गॅस संपला, नळ गळतोय, जेवायला चला. तिथे सलग नऊ मिनिटं. उशी आणू नका, म्हणाली, उशी सगळीकडे मिळते. चष्म्याचा नंबर लिहून आणा. घरातल्या एका खोलीचा फोटो आणा, पण रिकाम्या खोलीचा, माणसांचे फोटो बघून रडू येतं, खोलीचा बघून येत नाही. कुठल्या खोलीचा नेलाय हिने? मी इथे सगळीकडे बघितलं, कुठून काढला असेल. ती खिडकी असेल बहुतेक. तुम्ही बसलाय तिथून.

मग काय, दर आठवड्याला हिचाच भाग. लोक प्रश्न पाठवतात, ही उत्तरं देते. लिहिणारे लिहितात — मावशी, तुमचं हसणं पाहून धीर आला, आम्ही ठरवलं, आम्ही निघतोय. हसणं! ही नोंदवही बघा. उघडा, उघडा, संकोच नको, सरकारी पद्धतीने ठेवली आहे. तारीख, विषय, एकूण कालावधी, त्यात हिची उपस्थिती, आणि शेवटी शेरा. वाचा शेरा. 'हसली, एकदा.' 'हसली, तीनदा, पैकी एकदा तोंडावर हात.' 'साडूभाऊंच्या विनोदावर हसली. विनोद साधारण.' ही तारीख बघा — 'खूप हसली. कारण फोनच्या बाहेर, दिसले नाही.' दिसले नाही म्हणजे काय? कोण होतं बाहेर? चौदा वेळा मागे नेऊन पाहिलं. नुसती एक सावली आहे, आणि ती परातीची असू शकते. तुम्ही असं बघू नका. चौतीस वर्षांची सवय आहे, नोंद केल्याशिवाय मला एखादी गोष्ट घडली असं वाटतच नाही.

मीही लिहिलं. हो, खाली लिहिता येतं ना प्रत्येकाला. नाव कशाला द्यायचं, 'एक हितचिंतक' म्हणून लिहिलं. खिडकीबाहेरील उद्यान कोणाच्या मालकीचे आहे, खुलासा व्हावा. उत्तर नाही. कुंडी दर वेळी जागा का बदलते? उत्तर नाही. मग म्हटलं शेवटचा घाव घालावा. लिहिलं : 'उपरोक्त स्वयंपाकघराची चौथी भिंत एकदा प्रेक्षकांस दाखवावी, ही विनंती.' साडूभाऊंनी ते पुढच्या शनिवारी मोठ्याने वाचलं. हसत हसत वाचलं, नाक दाबून, कारकुनासारखा आवाज काढून. आणि ही शेजारी बसलेली. 'उपरोक्त' ऐकलं आणि थबकली. पावणेदोन सेकंद. मोजलेत मी. मग उठली, सरळ पुढे आली, काठीवरचा फोन काढून घेतला — साडूभाऊ अहो ताई, अहो ताई करताहेत — आणि फिरवला. दाखवली भिंत. भिंतीला टेकून गुंडाळलेली गादी. तिच्यावर हिची बॅग. खिळ्याला हिचा चष्मा, दोरीने बांधलेला, मीच बांधून दिला होता. म्हणाली, "ही बघा चौथी भिंत. इथे मी झोपते. रात्री फ्रिज गुरगुरतो, त्याची सवय होते." आणि मग फोन स्वतःकडे वळवला, अगदी जवळ, नुसता चेहरा, आणि म्हणाली, "हितचिंतकांनी लांबून भिंती मोजण्यापेक्षा एकदा यावं, आणि बघावं."

मला वाटलं होतं, साहेब, आता हे चॅनल बसलं. उघडं पडलं सगळं. बायको माझी स्वयंपाकघरात गादी टाकून झोपते, हे बघून कोण जाईल? उलट झालं! तो भाग सगळ्यांत जास्त पाहिला गेला. लोक म्हणाले, बघा किती खरं बोलतात मावशी, हिच्यावर विश्वास ठेवावा. शिंप्याची बायको दोन मुलांना घेऊन त्याच आठवड्यात अर्ज करून आली. मला जिन्यात म्हणाली, "काकूंनी बोलावलं ना, यावं आणि बघावं म्हणून." मी म्हटलं, ते तुम्हाला नव्हतं, ते — आणि थांबलो. काय सांगणार? ते मला होतं, म्हणून? इथे गॅलरी आहे, दोन खोल्या आहेत, चारही भिंती आमच्या आहेत, इथे ती कधी इतकी हसली नाही, आणि फ्रिजच्या शेजारी झोपून हसते, आणि मला बोलावते — असं जिन्यात उभं राहून सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या कार्यालयात जाऊन अर्ज आणला. जन्मभर मी लोकांना हसलो की पुरवणी वाचून घर सोडतात, फोन बघून मशीन विकतात. रांगेत माझा नंबर एकशे चार होता. पुढचे एकशे तीन जण हातात फोन धरून हिचंच बोलणं ऐकत होते.

तर रकाना सात. मला कोणी बोलावलं? हिने बोलावलं म्हणावं, तर ते दीड लाखांना बोलावणं होतं. मला एकट्याला होतं म्हणावं, तर पुरावा पावणेदोन सेकंदांचा. तुम्ही म्हणाल फोनवर विचारा. बोलतो ना आम्ही, दर रविवारी अकरा वाजता, आठ मिनिटं. ती विचारते पाण्याचं बिल भरलं का, मी म्हणतो भरलं. मी विचारतो तिकडे थंडी आहे का, ती म्हणते आहे. ते वाक्य मला होतं का, हे विचारायला तोंड उघडतो आणि गॅलरीतल्या कुंडीबद्दल बोलतो. कारण समजा विचारलं, आणि ती म्हणाली, छे हो, ते प्रेक्षकांना होतं — तर? मग निरंक. कायमचं निरंक.

आणि तिने हो म्हटलं तरी तुमची तळटीप आहेच : निमंत्रक त्या देशातला कायम रहिवासी हवा, घर त्याच्या नावावर हवं. ही तर स्वतःच पाहुणी. म्हणजे पत्र कोणाचं लागणार? साडूभाऊंचं. म्हणजे मी त्यांना लिहायचं — कृपया मला माझ्या बायकोला भेटायला आपल्या घरी बोलवावे. मसुदे केलेत, नाही म्हणत नाही. सहा केलेत. सहाव्यात तर 'आपला नम्र'सुद्धा लिहिलं होतं, मग ते खोडलं. त्या माणसाने जाहिरात नेली ती माझी, पत्रं लिहिली ती मी कापली, आता बायकोला भेटायचं तर दारावर त्यांचीच पाटी. पायापाशी बसायचा हो तो! आणि आता मी —

बरं. काढा आता तो कागद. मघापासून हात पिशवीत घालून बसलाय, काढा, मी सहीला तयार —

हा माझा अर्ज नव्हे.

हे हिचं अक्षर आहे. 'मुक्कामाची मुदत आणखी एक वर्ष वाढवून मिळणेबाबत.' म्हणजे तुम्ही माझ्या रकान्यासाठी आलाच नाहीत. माझा अर्ज दुसऱ्या टेबलावर असतो? केवढं अंतर आहे हो तुमच्या दोन टेबलांत? हात लांब केला की पोचेल एवढं ना? आणि मी तासभर — तुम्ही थांबवलं का नाही मला? थांबवत होतात. हो. थांबवत होतात.

वाचू द्या जरा. पूर्ण नाव — लिहिलंय, माझ्या नावासकट. व्यवसाय. आमच्या रेशनकार्डावर, बँकेत, सगळीकडे मीच भरायचो तो, 'गृहकृत्य'. इथे काय लिहिलंय बघा : 'कार्यक्रम सादर करणे'. मुदतवाढीचे कारण : 'येथे माझे काम आहे.' चार शब्द. मी असतो तर अर्धं पान लिहिलं असतं. त्रुटी... तारीख आहे. सही आहे. खाडाखोड नाही. जोडपत्रं क्रमाने. जिथे लागू नाही तिथे निरंक. एकही रकाना कोरा नाही. मीच शिकवलंय हो तिला, लग्नानंतर, या टेबलावर. आणि ही शेवटची ओळ माझ्यासाठी. 'पतीची हरकत नाही', खाली पतीची सही. पतीची हरकत आहे की नाही हे तिने स्वतःच लिहून पाठवलंय.

शेवटची तारीख? महिनाअखेर. आणि सही झाली नाही तर? परत यावं लागेल. म्हणजे माझ्या सहीवर... म्हणजे मी नुसतं काही केलं नाही, तरी पुढच्या महिन्यात ही इथे. त्या खिडकीत. आणि शनिवारी त्या फोनवर फक्त साडूभाऊ, तीन भिंती आणि कुंडी. सोपं आहे. पण चेहरा कुठला घेऊन येईल? तिकडचा की इकडचा?

तुम्ही बघता का हो तिचा कार्यक्रम? खरं सांगा. घरी बघतात? बायको सामानाची यादी उतरवून घेते? म्हणून तुम्ही स्वतः आलात. नाहीतर हा कागद टपालाने आला असता, तुमच्या खात्यात कोणी जिने चढत नाही. मावशींचं घर बघायचं होतं, मावशींचे ते कसे आहेत बघायचे होते. बघितलंत. आता घरी जाऊन सांगा.

नको, पेन आहे माझ्याकडे. पेनाचा प्रश्न नाही. कागद ठेवून जा. मी नाही म्हटलेलं नाही, हो म्हटलेलं नाही, तसं लिहू नका काही. लिहायचंच तर असं लिहा : पत्नीचा अर्ज, पतीच्या सहीसाठी समक्ष दिला, सही झालेली नाही, प्रलंबित. पतीचा अर्ज, रकाना सात कोरा, प्रलंबित. खाली आजची तारीख घाला.

या आता. दार ओढून घ्या जाताना.